मापाचं पोलकं

नानाजी शिंपी यांनी आमच्या गावातल्या निदान दोनशे बायकांची पोलकी शिवली आणि त्यातल्या एकीच्याही अंगाला टेप लावला नाही. त्या काळी तीच रीत होती. अंगाला नीट बसणारं एक जुनं पोलकं बाईनं द्यायचं, ते नानाजींच्या बायकोनं, म्हणजे तानाबाईनं, पदराखाली घेऊन दुकानात आणायचं, आणि नानाजींनी ते फळीवर पसरून त्यावरून नवं कापायचं. त्याला मापाचं पोलकं म्हणत. ही पोलकी एका पत्र्याच्या पेटीत असत. कुठल्याही पोलक्यावर नाव नव्हतं. नानाजींना हात लावला की कळे.

वाचनालयाच्या चिटणिसांनी गावातल्या एखाद्या जुन्या माणसाबद्दल लिहून द्या म्हणून तीनदा सांगितलं. मला लिहिण्याची सवय नाही. गावात मोठी माणसं पुष्कळ होऊन गेली, त्यांच्याबद्दल लिहिणारेही आहेत. मला नानाजीच आठवले. जमलं नाही तर छापू नये.

नानाजी अंगानं काडीसारखे. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा. बोलणं कमी. कोणाचं अंग भरलं, कोण वाळली, कोणाला दिवस गेले, हे नानाजींना नवऱ्याच्या आधी कळे, आणि साऱ्या गावाला कळल्यावरही नानाजींना ठाऊक नसे. त्यांची हुशारी ती एवढीच. पण एवढीच हुशारी असलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

गोष्ट चौसष्ट सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा विकास गटाच्या कचेरीत कारकून होतो आणि अक्षर बरं असल्यामुळे प्रदर्शन समितीचं इतिवृत्त माझ्याकडे आलं होतं. कापूस वेचून झाला की दरसाल शेतकी प्रदर्शन भरे. उत्तम बैल, उत्तम पऱ्हाटी म्हणजे कपाशी, सर्वांत मोठा कोहळा आणि सुदृढ बालक अशी चार बक्षिसं असत. समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव. त्यांची जिनिंग फॅक्टरी होती आणि पेठेतल्या त्यांच्याच इमारतीच्या ओट्यावर नानाजींचं दुकान होतं.

त्या वर्षी पुंडलिकरावांचा भाचा मुंबईहून एक इंग्रजी साप्ताहिक घेऊन आला. त्यात छातीवरून तिरपे पट्टे घातलेल्या बायकांचा रांगेतला फोटो होता आणि प्रत्येकीखाली तीन आकडे छापले होते. साप्ताहिक समितीत हातोहात फिरलं. वाचायला सगळ्यांनी बराच वेळ घेतला. इंग्रजी येणारे आमच्यात दोघेच होते.

"जगातली सगळ्यात सुंदर बाई छत्तीस, चोवीस, छत्तीस असते," भाच्यानं सांगितलं. "इंचात."

पुंडलिकराव म्हणाले, "पाहा, बैलाले माप हाये. खांद्याची उंची, छातीचा घेर. कोहळ्याले वजन हाये. लेकराले वजन आन् उंची दोन्ही हाये. मंग बाईलेच काहून नाही? समद्या देशायनं ठरवून टाकलं, आपणच कायले मागं राहायचं?"

"पण बाई येईन कोणती?" एक सभासद हळूच म्हणाले. "स्टेजवर उभी राह्य म्हणून मी घरी सांगितलं, तं मले उद्या भाकर भेटणार नाही."

ही अडचण खरी होती. समिती तासभर विचारात पडली. मग पुंडलिकरावांनी तोड काढली. बाईनं यायचं कारणच काय? बक्षीस मापाला आहे. बाई घरी राहील, माप येईल. आणि सगळ्या गावाची मापं एकाच पेटीत आहेत.

फक्त तिसऱ्या आकड्याचा प्रश्न उरला, कारण पोलकं तितकं खाली जात नाही. मी इतिवृत्तात लिहिलं, 'तिसरा आकडा पोलक्यात बसत नसल्यामुळे सर्वानुमते वगळण्यात आला.' बक्षीस म्हणून माणसाच्या उंचीचा आरसा ठरला. तोही पुंडलिकरावच देणार होते.

नानाजींना बोलावलं. ते गळ्यातला टेप तसाच घेऊन आले.

"नानाजी, पेटी आणा," पुंडलिकराव म्हणाले.

"कोणती, भाऊसाहेब?"

"मापाच्या पोलक्यायची."

नानाजींनी चष्मा काढून पुसला. "ते माह्यं नाही, भाऊसाहेब. लोकायची ठेव हाये."

"आम्ही काय पोलके घालून पाहणार हाओत का? आम्हाले आकडे पाहिजे. नाव जाहीर करत नाही. आरसा गुपचूप घरी पोचवू."

"आकडाच तं सांगायचा नसते."

"वा!" पुंडलिकराव हसले. "ओटा माह्या, आन् गुपित तुमचं. दोन दिवस देतो. विचार करा."

घरी तानाबाईनं ऐकलं आणि हातातली सुई पोलक्यात तशीच खोचली. "पेटी देली, तं मी कोणत्या तोंडानं कोणाच्या दारात जाऊ? आन् नाही देली, तं मशीन कुठं ठेवता? माह्या डोक्शावर?"

तिसऱ्या दिवशी नानाजी पेटी न घेता आले. त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. तीवर दोनच आकडे होते. छाती छत्तीस, कंबर चोवीस.

"एवढं एकच मापात बसते," ते म्हणाले. "बाकीचे जवळ बी नाही येत. म्हणून नाही आणले."

भाच्यानं साप्ताहिकाशी ताडून पाहिलं. पुंडलिकरावांना खुर्चीवर बसवेना. "आपल्या गावात! आन् आपल्याले पत्ता नाही! कोण हाये हे?"

"नाव नाही सांगायचं ठरलं हाये," नानाजी म्हणाले आणि निघून गेले.

ते पोलकं कोणाचं होतं ते मला पंधरा-वीस दिवसांनी कळलं, पण वाचणाऱ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. ते नेमसिंगचं होतं. नेमसिंग दोन मैलांवरच्या तांड्यातला शेतकरी. नाक-डोळे रेखीव, गळा गोड, म्हणून गणपतीच्या नाटकात नायिका तोच व्हायचा. आधल्या वर्षी त्यानं नानाजींना कॅलेंडरवरची एक बाई दाखवली आणि म्हणाला, मले अशी करा. छातीचं काम सोपं होतं. आमचा जिल्हा कापसाचा. नानाजींनी सरकी काढलेला कापूस अस्तरात भरून छत्तीस पुरे केले. कंबर मात्र कापून कमी होणारी नव्हती. तेव्हा त्यांनी नेमसिंगच्या बायकोची, बिजलीबाईची, कांचळी पाहिली. बंजाऱ्यांच्या कांचळीला पाठ नसते, मागे नाड्या बांधतात. नानाजींनी पोलक्याला पुढून चोवीस इंच दिले आणि मागे नाड्या. पाठीवर चांगलं वीतभर अंतर उघडं राही, त्यावर पदर येई. तिसऱ्या अंकात नेमसिंगला श्वास पुरत नसे. लोकांना तो विरह वाटे आणि ते टाळ्या देत.

नानाजींचा विचार साधा होता. जे माप कोण्याच बाईचं नाही, ते सांगितल्यानं कोण्याच बाईचं काही जात नाही. पण गावात आकडा मोकळा फिरत नाही, त्याला मालक लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आठ दिवस गावाला दुसरा उद्योग नव्हता. हॉटेलातली माणसं रस्त्यानं जाणाऱ्या बाईकडे मान वळवून बघत आणि मग बोटांवर काहीतरी मोजत. चांगल्या घरचे दोन-तीन नवरे पायजम्याचं कापड घेऊन नानाजींकडे आले आणि आडून विचारू लागले, "ते आमच्या घरचं तं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडे, आणि जाताना चेहराही जरा पडलेला असे.

शेवटी गावानं ठरवलं की ती विमलताई.

विमलताई आमच्या कचेरीत ग्रामसेविका होती. बावीस-तेवीस वर्षांची, मारेगावची, एकटी खोली घेऊन राहणारी. सायकलवर खेडी फिरायची आणि बायकांना बिनधुराची चूल शिकवायची. अंगानं सडपातळ होती आणि गावात तिचं कोणी नव्हतं. एवढा पुरावा गावाला पुरला. तिची सायकल पेठेतून निघाली की मागून कोणीतरी ओरडे, "छत्तीस-चोवीस!" कचेरीच्या दारावर खडूनं आकडे लिहिलेले सापडले. मी ते पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. साहेबांनी तिला काही दिवस रजा घ्यायला सुचवलं. ओरडणाऱ्यांना कोणी काही सुचवलं नाही. मीही नाही.

मी पँटची बाजू उसवून घ्यायला नानाजींकडे बसलो होतो, तेव्हा ती सायकल हातात धरून ओट्याखाली उभी राहिली.

"नानाजी, माह्यं माप लोकायले सांगून द्या. कंबर सव्वीस आहे ना? सांगा. मी परवानगी देते."

"एकीचं सांगितलं, तं उद्या दुसरीचा नवरा येईन, आमच्या घरचं सांगा म्हणून," नानाजी म्हणाले. "आन् सव्वीस सांगितलं बी, तं लोकं म्हणतीन शिंप्यानं दोन इंच वाढवून सांगितले."

"मंग ते कोणाचं आहे?"

नानाजींनी मशीनची सुई ओवायला घेतली.

"परवा बाबा येऊन राह्यले मारेगावहून," ती म्हणाली. "राजीनामा लिहूनच आणून राह्यले. माह्यी सही तेवढी बाकी आहे. नोकरी गेली तं गेली, नानाजी, पण मी काहीच केलं नाही अन् गाव सोडून जाऊन राह्यले, हे मले गिळवत नाही."

ती गेली. नानाजींनी माझी पँट उलट्या बाजूनं शिवली, मग उसवली, मग मशीनवर कापड टाकून उठले. "चला, बाबू. तांड्यात जाऊन येऊ."

ऊन कललं होतं. नेमसिंग बैलांना पाणी दाखवत होता. नाटकं संपल्यामुळे त्यानं मिशा वाढवल्या होत्या आणि त्या त्याला चांगल्या दिसत होत्या. नानाजींनी त्याला सगळं सांगितलं. बिजलीबाई उंबऱ्यात बसून छांटियाला, म्हणजे डोईवरच्या ओढणीला, काचा लावत होती. तिचे हात आधी थांबले.

"याडी ये!" ती म्हणाली. "मंजे साऱ्या गावात सुंदर कोण, तं आमचा बुढा?"

"मापात," नानाजी म्हणाले.

"सतरा सालं झाले मी रोज पाहून राह्यली. मले तं कधी दिसलं नाही, बाप्पा."

नेमसिंग लाजला. "हे समद्यायसमोर सांगा लागन का, नानाजी? लोकं हासतीन."

"गणपतीत हासत नाही का?"

"थे वेगळं. तवा मी बाई राह्यतो. आता मी मी हाओ."

"मंग काहून, थ्या पोरीवर हासले तं चालते?" बिजलीबाईनं काचेचा डबा बंद केला. "थ्या पोरीनं माह्यी चूल बांधून देली. माहे डोळे वाचले. तुम्ही नाही गेले, तं मी जातो पोलकं घेऊन. सांगतो, हे माह्या नवऱ्याचं हाये."

नेमसिंगनं थोडा विचार केला. बायकोनं पोलकं मिरवण्यापेक्षा स्वतः गेलेलं बरं, असं त्याला वाटलं असावं. "बक्षीस काय हाये?" त्यानं विचारलं.

प्रदर्शनाला यवतमाळहून मोठे साहेब आणि त्यांच्या बाई आल्या होत्या. बैलांचं झालं, कोहळ्याचं झालं, सुदृढ बालक बक्षीस घेताना रडलं. बायका एका बाजूला चिकाच्या पडद्यामागे होत्या. विमलताई त्यांच्यात नव्हती. ती मंडपाच्या खांबाशी उभी होती, कारण तिचे वडील वामनराव पुरुषांत बसले होते आणि सभा संपली की ते तिला घेऊन जाणार होते. सही झालेली नव्हती. कागद त्यांच्या बंडीच्या खिशात दिसत होता.

पुंडलिकराव भाषणाला उभे राहिले. मुंबई, जग, आपला तालुका असं सगळं बोलून ते म्हणाले, "विजेतीचं नाव मर्यादेपायी गुप्त ठेवत हाओत. पण समजणारे समजले." मागे कोणीतरी शीळ घातली. दोन-चार माना खांबाकडे वळल्या.

नानाजी सतरंजीवरून उठले. मी त्यांना चारचौघांत बोलताना कधी पाहिलं नव्हतं. 

"भाऊसाहेब, विजेता हजर हाये."

 नेमसिंग लाल फेटा, धोतर आणि मिशा अशा थाटात, पोलकं बगलेत मारून, स्टेजवर चढला. नानाजींनी साहेबांच्या टेबलावर पोलकं पसरलं आणि गळ्यातला टेप काढला. "छाती छत्तीस." मग टेप खाली सरकवला. "कंबर चोवीस. थेच हे पोलकं. आन् हे थ्याचे मालक. नाटकाचं हाये. गावातल्या कोण्याच बाईचं नाही."

कोणाचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी ते नेमसिंगच्या सदऱ्यावरून घातलं. पुढून बघणाऱ्यांना ती कॅलेंडरवरचीच बाई दिसली, मिशांसकट. मग नानाजींनी त्याला खांद्याला धरून पाठमोरा केला. नाड्या ताणल्या होत्या आणि मधून वीतभर सदरा दिसत होता. उजवीकडची शिवण उसवून कापसाचा बोळा साहेबांच्या फाइलवर पडला.

पहिलं हसू पडद्यामागून आलं. मग मंडपच हसला. साहेबांच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते. पुंडलिकराव म्हणाले, हे बक्षीस रद्द आहे. बाई म्हणाल्या, "का हो? बक्षीस मापाला आहे ना? नियमात काय लिहिलंय ते पाहा." इतिवृत्त मागवलं. मी वाचून दाखवलं. नियम खरोखरच तसा होता. आरसा नेमसिंगला मिळाला आणि चार माणसांनी तो तांड्यावर नेला.

वामनराव बराच वेळ बसून राहिले. लोक उठल्यावर ते खांबाजवळ गेले. माफी मागण्याची त्या पिढीच्या बापांना सवय नव्हती.

"संध्याकाळची यष्टी किती वाजता हाये?"

"साडेपाचले," विमलताई म्हणाली.

"मंग दोन भाकरी टाक. खाऊन जातो."

आणि ते एकटेच गेले.

नानाजींचा ओटा मात्र आठवड्यात गेला. दुरुस्ती काढायची आहे, असं पुंडलिकरावांनी कळवलं. ती दुरुस्ती माझ्या माहितीत अजून झालेली नाही. मशीन घरच्या पुढच्या खोलीत आलं. त्यात फायदा असा झाला की घर असल्यामुळे आणि तानाबाई असल्यामुळे बायका आता स्वतःच कापड घेऊन येऊ लागल्या. आपण त्यांची ठेव सांभाळली, ओटा गमावला, पण पेटी उघडली नाही, याचं त्यांना काही वाटत असेल, असं नानाजींना वाटलं. वाटतही होतं. बायका तसं बोलूनही दाखवत. आणि मग कापड पुढे करत.

"नानाजी, हे थ्या मापाचं शिवून द्या."

"कोणत्या?"

"थेच. छत्तीस-चोवीस."

"वो बाई, थे नेमसिंगचं हाये. आत कापूस हाये."

"मालूम हाये मले. मी बी होतीच ना मंडपात. पण माप तं बराबर हाये ना?"

अशा एक नाही, पाच-सहा आल्या. लग्नाच्या मुलींच्या आया जास्त. दिवाळीनंतर विमलताई आली. ती सुद्धा चिटाचं नवं कापड घेऊन. मी ओसरीत पेपर वाचत होतो.

"यवतमाळचे पाहुणे येऊन राह्यले परवा," ती नानाजींकडे न पाहता म्हणाली. "थेच माप द्या."

नानाजींनी मशीन थांबवलं. "बाई, तुम्ही?"

"हसा तुम्ही. मले बी हसू येते. पण थे पाहाले येणार, नानाजी. पुढूनच पाहतीन."

 नानाजींनी पेटी उघडली, तिचंच जुनं पोलकं काढलं, फळीवर पसरलं आणि त्यावरून सव्वीस इंचांचं नवं कापलं. कापसाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती आतल्या खोलीत जाऊन ते घालून आली आणि तानाबाईच्या भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहिली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पाठ ताठ केली.

"पाहा," ती म्हणाली, "कसा फरक पडते!"

नानाजींनी दातानं दोरा तोडला.

ती गेल्यावर तानाबाई चिडली. "खोटं कायले बोलता पोरीसंगं?"

"मी कुठं बोललो? थेच बोलली."

पाहुण्यांनी होकार कळवला. नोकरी सोडायची अट होती, म्हणून विमलताईनंच नकार दिला. पुढे तिचं उमरखेडच्या एका मास्तरांशी लग्न झालं आणि ती बिनधुराच्या चुली बांधतच राहिली.

नानाजींनी मशीन बंद करेपर्यंत त्या मापाची तीस-चाळीस पोलकी तरी शिवली असतील. प्रत्येकीला तिचं स्वतःचंच माप. कापूस एकातही नाही. एखादी कधी म्हणे की नानाजी, जरा ढिलं वाटते. ते चष्म्यावरून बघत आणि सांगत, "थे माप तसंच राह्यते, बाई."